रामशास्त्री प्रभुणे : सत्तेपुढे न झुकलेले न्यायासन



१७ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून तेथील कामकाजास प्रारंभ झाला. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकील व पक्षकार यांनी त्यासाठी कित्येक वर्षे धीराने मागणी लावून धरली होती. चंदगडसारख्या डोंगराळ सीमाभागातील शेतकऱ्याला अपिलासाठी मुंबई गाठणे म्हणजे केवढे दिव्य होते हे आम्ही येथील लोकांकडून वारंवार ऐकत आलो आहोत. आता त्याच्या खेपा आणि खर्च पुष्कळ कमी होईल, ही समाधानाची गोष्ट आहे.

तथापि चंदगडकरांचा न्यायालयाशी असलेला संबंध शेताच्या बांधापुरता नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा बेळगाव जिल्ह्यातून एकटा चंदगड तालुका वगळून तो मुंबई राज्यात ठेवण्यात आला आणि पुढे कोल्हापूर जिल्ह्याचा भाग झाला. येथील घराघरांतील लेकीबाळी सीमेपलीकडे नांदत आहेत आणि तिकडच्या इकडे. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. त्याचा निवाडा ज्यांनी करावयाचा त्यांनी मुंबईच्या सरकारकडे पाहू नये, बेंगळुरूच्या सरकारकडे पाहू नये आणि दिल्लीच्याही नाही, अशीच आपणा सर्वांची अपेक्षा आहे. ही अपेक्षा बाळगणाऱ्यांनी मराठी मुलुखातील एका जुन्या न्यायाधीशाचे चरित्र पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणावे, या हेतूने आम्ही हा लेख सादर करीत आहोत.

बालपण आणि विद्या

राम विश्वनाथ प्रभुणे यांचा जन्म साताऱ्याजवळच्या माहुली क्षेत्री १७२० च्या सुमारास झाला. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावरचे हे गाव. वडिलांचे छत्र लवकर हरपले. घरची स्थिती बेताची आणि मुलाचे अभ्यासाकडे लक्ष नाही, अशी अवस्था. वयाची विशी जवळ आली तरी हा तरुण साताऱ्यातील एका सावकाराच्या घरी शागिर्दी करीत होता. तेथे त्याला कोणीतरी त्याच्या अज्ञानावरून हिणवले आणि तो बोल जिव्हारी लागून तो काशीला निघून गेला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. कथेचा तपशील कसाही असो, रामशास्त्री उशिरा शिकले आणि कसून शिकले, एवढे मात्र खरे. काशीत त्यांनी धर्मशास्त्राचा सखोल अभ्यास केला. त्या काळी धर्मशास्त्र म्हणजेच कायदा होता. वारसा, वाटणी, दत्तक, कर्ज, गहाण, वतन या साऱ्यांचे निर्णय त्यातूनच होत असत.

१७५१ साली ते पुणे दरबारात शास्त्री म्हणून रुजू झाले आणि १७५९ साली त्यांची मुख्य न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. पेशवेपदी तेव्हा नानासाहेब होते. पुढे पानिपतचा आघात झाला, नानासाहेब निवर्तले आणि १७६१ मध्ये सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले.

तेव्हाचा न्याय कसा चाले

आजच्या वाचकाला त्या काळच्या न्यायपद्धतीची थोडी कल्पना असणे आवश्यक आहे. गावातला तंटा प्रथम गावातच, पाटील आणि पंच यांच्यासमोर मांडला जाई. तेथे समाधान झाले नाही तर तो वरच्या अंमलदाराकडे आणि अखेरीस पुण्याच्या न्यायाधीशाकडे येई. अग्रवादी आणि पश्चिमवादी, म्हणजे आजच्या भाषेत वादी व प्रतिवादी, आपापली तकरीर लिहून देत. पंचांचा निर्णय मान्य करू असा राजीनामा दोघांकडून घेतला जाई आणि जामीन घेतले जात. मग कागदपत्रे, साक्षी, शेजारच्या गावांची माहिती तपासून निवाडपत्र होई. जिंकणाऱ्याकडून सरकार हरकी घेई आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी.

या साऱ्या व्यवस्थेत न्यायाधीशाला स्वतःचे असे कोणते संरक्षण होते? कोणतेही नव्हते. त्याची नेमणूक पेशवा करी, वेतन पेशवा देई आणि पेशव्याची मर्जी फिरली की त्याचे आसनही जाई. सेवेची मुदत नाही, लिखित राज्यघटना नाही, वरचे न्यायालय नाही. शिवाय शिक्षा जातीनुसार कमी-अधिक होत असे, हेही आपण विसरता कामा नये. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. अशा व्यवस्थेत बसूनही एका माणसाने न्यायासनाची प्रतिष्ठा कशी सांभाळली, हे येथे पाहावयाचे आहे.

निःस्पृहता

रामशास्त्रींच्या साधेपणाच्या अनेक गोष्टी महाराष्ट्रात सांगितल्या जातात. त्यांच्या घरात एका दिवसाला पुरेल एवढाच शिधा असे, ही नोंद ग्रँट डफ या इंग्रज इतिहासकाराने केली आहे. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. मराठेशाही बुडविणाऱ्या कंपनीचा हा अधिकारी. पुणे दरबाराची उगाच स्तुती करण्याचे त्याला काही कारण नव्हते. तरीही रामशास्त्रींविषयी त्याने मनापासून आदराने लिहिले आहे.

दुसरी गोष्ट दक्षिणावाटपाची. विद्वानांना दक्षिणा देण्याचे काम चालू असता रामशास्त्रींचे बंधू पुढे आले. शेजारी बसलेल्या नाना फडणिसांनी त्यांना अधिक रक्कम द्यावी असे सुचविले. शास्त्रीबुवांनी नकार दिला. बंधू म्हणून जे द्यायचे ते आपण आपल्या घरून देऊ, सरकारी दक्षिणा मात्र विद्वत्तेच्या मानानेच मिळेल, असा त्यांचा अभिप्राय होता.

या कथांकडे आपण बहुधा कौतुकाने पाहतो आणि तेथेच थांबतो. परंतु त्यांचा न्यायदानाशी थेट संबंध आहे. ज्याच्या घरात साठा आहे, त्याला तो जाण्याचे भय असते. ज्याने नातलगाला सरकारी ताटातले वाढले, त्याला पुढे कोणी ना कोणी त्या घासाची आठवण करून देतो. रामशास्त्रींना गमावण्यासारखे काही नव्हते. म्हणूनच पुढे १७७३ मध्ये ते जे बोलले, ते बोलू शकले.

तरुण माधवरावांचा जपतपाकडे ओढा फार होता. एकदा त्यापायी कारभार खोळंबला, तेव्हा रामशास्त्रींनी काशीला जाण्यासाठी रजा मागितली. कारण विचारता त्यांनी स्पष्ट सांगितले की, धर्मकृत्यांतच आयुष्य घालवायचे असेल तर राज्यकारभार सोडून दोघांनीही गंगातीरी जाऊन राहावे. राज्य करायचे असेल तर रयतेची चिंता वाहणे हाच धर्म समजावा. माधवरावांनी हा बोल मनाला लावून घेतला आणि आपला क्रम बदलला. सांगणारा निर्भय होता, तसा ऐकणाराही मोठ्या मनाचा होता. न्यायाधीशाच्या धैर्याचे सोने होण्यास राज्यकर्त्याच्या ठायी ऐकण्याची तयारी लागते. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे निवर्तले आणि ही तयारी त्यांच्याबरोबर गेली.

१७७३ चा भाद्रपद

माधवरावांच्या मागे त्यांचे धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. त्यांचे चुलते रघुनाथराव यांना वाड्यातच नजरकैदेत ठेवण्यात आले होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी थकलेल्या पगाराचे निमित्त करून शनिवारवाड्यात प्रवेश केला आणि अवघ्या अठरा वर्षांच्या नारायणरावांची चुलत्याच्या डोळ्यांदेखत हत्या केली. धरावे या शब्दाचे मारावे असे केले गेले, ही हकीकत महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक आहे.

त्यानंतर जे घडले ते अधिक विचार करण्याजोगे आहे. खून झाला, पण राज्य थांबले नाही. रघुनाथरावांनी सूत्रे हाती घेतली आणि साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आणविली. ते सामान्य पुरुष नव्हते. मराठ्यांच्या फौजा अटकेपर्यंत नेणारा सेनानी म्हणून त्यांची ख्याती होती. सैन्यात त्यांना मानणारे लोक होते आणि दरबारातील पुष्कळांनी मान खाली घालून नव्या धन्याला मुजरा केला. राज्याला कर्ता पुरुष हवा, शत्रू टपून बसले आहेत, झाले गेले विसरावे, असे समजूतदार सल्ले अशा वेळी नेहमीच मिळतात. लोकप्रिय आणि बलवान नेत्याने केलेल्या अपराधाकडे काणाडोळा करण्यासाठी हीच कारणे सर्व देशांत आणि सर्व काळांत दिली गेली आहेत.

रामशास्त्रींनी मुजऱ्याऐवजी चौकशी केली. कोणी फिर्याद केली नव्हती. मृत पेशव्याची पत्नी गंगाबाई गर्भवती होती आणि तिच्या बाजूने उघडपणे उभे राहणे धोक्याचे होते. तरीही काही आठवड्यांत त्यांनी माणसे तपासली, कट कोणी रचला आणि त्यात कोणाकोणाचा हात होता हे जुळवून पाहिले. धागा रघुनाथरावांपर्यंत पोहोचला. ग्रँट डफच्या म्हणण्यानुसार रघुनाथरावांनी पकडण्याचा हुकूम दिल्याचे कबूल केले, मारण्याचा नव्हे; आणि या पापाला प्रायश्चित्त काय, असे त्यांनीच शास्त्रीबुवांना विचारले. देहान्त हेच प्रायश्चित्त, असे रामशास्त्रींनी उत्तर दिले. एवढ्यावर न थांबता, ज्या राज्याचे प्रमुख आपण आहात त्या राज्यात मी पद स्वीकारणार नाही आणि पुण्यात पाऊलही ठेवणार नाही, असे सांगून ते शहर सोडून वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

या प्रसंगाला पुढे नाटक-सिनेमाचा रंग चढला. १९४४ साली प्रभात कंपनीने रामशास्त्री हा चित्रपट काढला आणि गजानन जागीरदार यांच्या भूमिकेमुळे ती मूर्ती घरोघरी पोहोचली. रामशास्त्री बाणा हा शब्दप्रयोग तर आपल्या भाषेत रुळूनच गेला. परंतु त्या निर्णयाचा तात्काळ परिणाम काय झाला, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. रघुनाथराव फाशी गेले नाहीत. पद सोडून न्यायाधीश निघून गेला आणि अपराधी गादीवर राहिला. त्यांना हटविले ते बारभाईंच्या कारस्थानाने. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला, रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले, १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला आणि त्यातून सुरू झालेले युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले.

म्हणजे निवाडा होऊनही त्याची अंमलबजावणी झाली नाही. तरीसुद्धा तो व्यर्थ गेला असे आम्हांस वाटत नाही. रघुनाथराव पेशवा झाले, पण निर्दोष ठरू शकले नाहीत. बारभाईंना उभे राहण्यासाठी जी नैतिक भूमी लागली, ती या निवाड्याने दिली होती. न्यायाधीशाच्या हाती फौज नसते. अपराधाला अपराध म्हणणे आणि त्या म्हणण्याची किंमत स्वतः मोजणे, एवढेच त्याच्या हाती असते.

पुनरागमन आणि गर्दीचा दबाव

बारभाईंचा कारभार स्थिर झाल्यावर रामशास्त्रींना परत बोलाविण्यात आले आणि ते आले. त्यांचा राग आसनावर नव्हता, ते आसन ज्याने विटाळले त्याच्यावर होता. त्यानंतर १७८९ मध्ये देहान्त होईपर्यंत त्यांनी न्यायाधीशपद सांभाळले.

या काळात आणखी एका दबावाशी गाठ पडली. पानिपतावर पडलेले सदाशिवराव भाऊ आपणच आहोत, असे सांगणारा एक तोतया पुढे आला होता. १७७६ मध्ये तो रत्नागिरीच्या कैदेतून बाहेर पडला आणि पाहता पाहता कोकणातले किल्ले त्याच्या ताब्यात गेले. हजारो माणसे त्याच्यामागे लागली. पानिपतावर गेलेले आपले कोणीतरी परत यावे ही आस घराघरांत होती आणि त्या आशेवर तो उभा होता. पकडून आणल्यावर त्याची पुण्यात पंचांसमोर उघड चौकशी झाली. तिच्यात रामशास्त्रींचा सहभाग होता. ओळख पटविण्यासाठी माहीतगारांना बोलाविले गेले, तो तोतयाच असल्याचे सिद्ध झाले आणि त्याला देहान्त शिक्षा झाली. येथे सत्ता आणि निवाडा एका बाजूला होते, लोकांची भावना दुसऱ्या बाजूला. पुरावा जिकडे नेतो तिकडे जाणे हे न्यायाधीशाचे कर्तव्य. मग समोर राजा रुष्ट होवो की गर्दी.

रामशास्त्रींच्या मृत्यूला दोन वर्षे होतात न होतात तोच या कर्तव्याचे मोल पुण्याला कळले. १७९१ च्या ऑगस्टअखेर शहर कोतवाल घाशीराम याच्या कोठडीत कोंडलेले अनेक परदेशस्थ ब्राह्मण गुदमरून दगावले. संतप्त जमावाने नाना फडणिसांच्या वाड्याला वेढा घातला. नानांनी अखेर नमते घेऊन घाशीरामाला जमावाच्या हवाली केले आणि ३१ ऑगस्ट रोजी लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. त्याचा अपराध मोठा असेलही. पण शिक्षा गर्दीने ठरविली, आणि राज्यातला सर्वांत चतुर मुत्सद्दी ती पाहत राहिला. ख्रिस्ती वाचकांना येथे पिलाताची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. समोरचा माणूस निर्दोष आहे हे त्याला कळले होते. तरी गर्दीच्या आरोळ्यांपुढे त्याने हात धुऊन घेतले.

दोनशे वर्षांनंतर

रामशास्त्रींकडे नव्हते ते सारे संरक्षण भारतीय राज्यघटनेने आपल्या न्यायाधीशांना दिले. सर्वोच्च व उच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांना सेवेची निश्चित मुदत आहे, आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने ठराव केल्याशिवाय त्यांना दूर करता येत नाही. तरीही शनिवारवाड्यातील त्या घटनेला बरोबर दोनशे वर्षे होत असता, एप्रिल १९७३ मध्ये, परीक्षेची वेळ आली. केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागताच, सरकारला न रुचलेला कौल देणाऱ्या न्या. शेलत, न्या. हेगडे आणि न्या. ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून न्या. रे यांना सरन्यायाधीश करण्यात आले. तिघांनीही राजीनामे दिले.

आणीबाणीत २८ एप्रिल १९७६ रोजी, अटकेत असलेल्या नागरिकाला न्यायालयाकडे दाद मागता येत नाही, असा निर्णय पाचपैकी चार न्यायाधीशांनी दिला. देशातील नऊ उच्च न्यायालयांनी त्याआधी याच्या उलट कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयात एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले; जानेवारी १९७७ मध्ये त्यांनाही डावलले गेले आणि त्यांनी पद सोडले. बहुमतात पुण्याचे सुपुत्र न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो जुना निर्णय चुकीचा ठरविला आणि ते निकालपत्र लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे त्यांचेच पुत्र होते. चुकीची दुरुस्ती झाली खरी, पण एकेचाळीस वर्षांनी.

अलीकडे युरोपातही हेच पाहावयास मिळाले. हंगेरीने २०१२ मध्ये आणि पोलंडने २०१८ मध्ये न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय एकाएकी खाली आणले. निवडून आलेल्या सरकारांनीच, लोकांच्या नावाने, हे केले. पोलंडच्या सर्वोच्च न्यायालयाच्या प्रमुख मालगोजाता गेर्सदोर्फ यांनी आपण निवृत्त झालो आहोत हे मान्य केले नाही आणि त्या नेहमीप्रमाणे कामावर गेल्या. पुढे युरोपीय न्यायालयाने दोन्ही देशांचे हे निर्णय नियमबाह्य ठरविले. रामशास्त्री आसन सोडून गेले, गेर्सदोर्फबाई आसन सोडीनात. इंग्लंडचे संत थॉमस मोर यांनी १५३२ मध्ये चान्सलरपद सोडले आणि १५३५ मध्ये राजाच्या मनासारखी शपथ न घेतल्यामुळे मस्तक दिले. मार्ग ज्याच्या त्याच्या परिस्थितीप्रमाणे वेगळा. असत्य निवाड्यावर आपली मोहोर उमटू द्यायची नाही, हा निर्धार एकच.

वाचकहो, १७७३ आणि १९७६ ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहावीत. एकीकडे कायद्याचे कसलेही कवच नसलेला एक शास्त्री खुन्याला खुनी म्हणून गेला, पण त्याचा शब्द अमलात आणणारी व्यवस्था नव्हती. दुसरीकडे व्यवस्था होती, कवच होते, आणि तरी चार विद्वान न्यायाधीशांचा धीर सुटला. निर्भय माणूस आणि त्याला जपणारा कायदा, दोन्ही एकत्र असतील तेव्हाच दुबळ्याला न्याय मिळतो.

यात आपला वाटाही आहे. तालुक्याच्या न्यायालयात दावा लागला की वशिला शोधण्यास निघणारे आपणच असतो. निकाल आपल्या बाजूने लागला तर न्यायाधीश देवमाणूस आणि विरुद्ध लागला तर तो विकला गेला, असे चावडीवर बोलणारेही आपणच. सीमाप्रश्नाचा निवाडा होईल तेव्हा तो मनासारखा नसला तरी तो निर्भयपणे दिला गेला आहे काय, एवढे विचारण्याची तयारी आपण आजपासून केली पाहिजे. आपला नेता, आपला पक्ष, आपली जात वा आपला धर्म न्यायालयात उभा असतानाही न्यायाधीशाने आपल्याकडे पाहू नये, असे ज्या दिवशी आपण मनापासून म्हणू, त्या दिवशी रामशास्त्री बाणा हा शब्द उच्चारण्याचा अधिकार आपल्याला लाभेल. कोल्हापूरच्या नव्या न्यायपीठावर आणि चंदगडपासून दिल्लीपर्यंतच्या प्रत्येक न्यायासनावर बसणाऱ्यांना तसे धैर्य लाभो, आणि त्यांचा कठोर निवाडाही सोसण्याचे बळ आपणास मिळो, अशी आम्ही प्रार्थना करतो.